रांग हाच पत्ता

४ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या पायांना लांबूनच नमस्कार. जवळ असते तर तू परत विचारलं असतंस, "बारकी, तू नक्की करतेस तरी काय?" तीन दिवस माझ्याकडे राहिलास. डोळ्यांचे डॉक्टर झाले, नवा चष्मा झाला, माझी प्रयोगशाळा बघून झाली, वर हौसेने स्वतःचं रक्तसुद्धा देऊन गेलास. आणि बस सुटता सुटता खिडकीतून डोकं काढून प्रश्न कुठला, तर हा! शेजारचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी काहीतरी लपवूनच करते.

तर आता कागदावरच सांगते, म्हणजे तुझ्या फाइलला लागेल. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंगाची राखण करतात, एवढं तुला ठाऊक आहे. ह्या पेशींच्या अंगावर, बाहेरच्या बाजूने, नाना तऱ्हेची प्रथिनं खोचलेली असतात. टी नावाच्या पेशींवर एका तऱ्हेची, बी नावाच्या पेशींवर दुसऱ्या तऱ्हेची. कोणत्या पेशीवर कोणतं प्रथिन आहे आणि किती आहे, ह्याची आम्ही तालिका करतो. तू चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांचं केलंस, तेच मी पेशींचं करते. माझी पुस्तकं डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. आम्ही त्यांना चमकणारे रंग लावतो आणि मशीनमधून एकेक पेशी सोडतो. पडद्यावर ठिपके उमटतात, ते मी मोजते.

आमच्याकडे एकट्याच्या शब्दावर काही चालत नाही बरं का. नवीन काही सापडलं तर दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ठिकाणी, तेच बघितलेलं लागतं. दोन साक्षीदार झाले की नंबर. तोवर नोंद कच्ची, पेन्सिलीतली.

आमचा मजला निरोगी रक्ताचा. आजारी रक्त खालच्या मजल्यावर जातं, आणि तिथल्यांचा आमचा संबंध फक्त लिफ्टमध्ये येतो. तीही दीड महिना बंद आहे. ह्या निरोगी तक्त्यात अकरा नंबर म्हणजे मी. गेली अकरा वर्षं कोणालाही "निरोगी माणसाचं कसं दिसतं?" असा प्रश्न पडला की माझं पान उघडतात. हसू नकोस. तू आता बारा नंबर झालास. तुझं रक्त सहा नळ्यांत, माझं सहा नळ्यांत. नळ्या एवढ्याशा, की त्यांच्यावर लिहायला जागाच नाही, म्हणून स्टँडमधली कोणती रांग कोणाची, ते वहीत. रांग हाच पत्ता.

बाकी ठीक. सर्दी गेलेली नाही, महिना झाला. तीन जिने चढून-उतरून मी बारीक मात्र झालेय, मामीने विणलेला स्वेटर आता पोत्यासारखा होतो. तिला सांग, पुढचा एक माप कमी.

तुझी बारकी


११ फेब्रुवारी

चि. बारकी (वय वर्षं एक्कावन्न, तरी बारकीच),

आशीर्वाद नेहमीचेच, पण ताजे.

पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं, एकदा जुन्या चष्म्याने आणि एकदा नव्या. मजकूर तोच निघाला, म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर विश्वासू आहेत.

तुझं काम आता समजलं, आणि अक्का असती तर तिलाही मी समजावून सांगितलं असतं. तुझी आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली की पोरगी दवाखान्यात सुया उकळते. रांग हाच पत्ता, हे वाक्य मला फार आवडलं. आमच्याकडे दुसरं काय होतं? चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक. फक्त क्रम पाळायचा. अकराच्या आधी बारा आला की संपलं सगळं. हे मी तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दोन साक्षीदारांचा नियमही उत्तम. आमच्याकडे एक सहायक होते, ते पुस्तक न उघडताच विषय ठरवायचे. पोहण्याविषयीचं एक पुस्तक त्यांनी मत्स्यपालनात घातलं होतं, ते नऊ वर्षांनी सापडलं. मासे पाळणाऱ्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही, हे विशेष.

माझ्या पेशींवर काय काय लिहिलेलं आहे, ते सविस्तर कळव. मामी म्हणते, तपासायची गरज नाही, "हात लावू नका" एवढंच असणार.

फोन करू नकोस. फोन मामीच्या बहिणीच्या ताब्यात आहे, शिवाय फोनवर बोललेलं फाइलला लावता येत नाही.

मामा


२० फेब्रुवारी

मामा, अरे मामा!

खुर्चीत बसून वाच. तुझ्या रक्तात काहीतरी भलतंच सापडलंय!

काल बारा नंबरची रांग मशीनमधून काढली. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं, आणि मग पडद्याच्या एका कोपऱ्यात ठिपक्यांचा हा एवढा पुंजका! बघते तर बी पेशी. पण त्यांच्या अंगावर टी पेशींचं प्रथिन! एखाददुसरी अशी पेशी कोणाकडेही निघते, ती आम्ही मनावर घेत नाही. पण तुझ्याकडे चांगली वस्तीच आहे त्यांची, आणि सगळ्या एकसारख्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. अकरा वर्षांत मी हे पाहिलेलं नाही.

पाठोपाठ माझी रांग काढली. तिथे काही नाही. माझं रक्त नेहमीसारखं आज्ञाधारक, ज्याने त्याने आपापली जागा धरलेली. म्हणजे मशीन ठीक आहे, रंग ठीक आहेत, विचित्र आहेस तो तू. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आता पुरावा हातात आला.

पेन्सिलीने नोंद केलीये. बाई (आमच्या विभागप्रमुख) सोमवारी बघणार आहेत. मला तर वाटतंय, ही पेशींची नवीनच जात आहे, आणि ती तालिकेत लागली तर तिथे बारा नंबर म्हणून तू कायमचा बसशील. दुसऱ्यांची नावं तालिकेत लावण्यात तुझा जन्म गेला, आता तुझीच नोंद कोणीतरी लावणार. माझं जेवणात लक्ष नाही. तसंही हल्ली नसतंच, पण आज आनंदाने नाही.

बारकी


२६ फेब्रुवारी

चि. बारकी,

आशीर्वाद, आणि ह्या वेळी एका विशेष नमुन्याकडून.

बातमी कळली आणि माझी मान जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही. बागेतल्या बाकावर जाहीर केलं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे तुमच्यात काहीतरी बिघाड आहे." मी म्हटलं, बिघाड नव्हे, वैशिष्ट्य. त्यांना फरक कळला नाही. पोस्टात सगळी पाकिटं सारखीच वाटत असणार.

घरी येऊन मी ग्रंथालयातलं एक जुनं कोरं कार्ड काढलं आणि स्वतःची नोंद केली. "मामा. प्रत एकच. दुर्मीळ. बाहेर नेण्यास परवानगी नाही." मामीने ते वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, कारण तेवढ्यात मी बागेत निघालो होतो. आता घराबाहेर पडताना रोज कार्डाकडे बोट दाखवते.

बाई काय म्हणाल्या? सोमवार होऊन गेला. त्वरित कळव. नवीन जातीला नाव द्यायचं झालं तर माझा आग्रह नाही, पण माझी हरकतही नाही.

मामा


१५ मार्च

मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. सर्दी होती, कामही होतं. बाईंनी बघितलं. चांगलं आहे म्हणाल्या. म्हणजे नोंद चांगली केली आहे, असं.

आता एक किरकोळ काम कर. तिकडच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन रक्त परत एकदा दे. दुसरा साक्षीदार लागतो ना, तेवढंच. आणि फॉर्म भरायचा आहे, त्याची उत्तरं लिहून पाठव. वजन उतरलंय का? कपडे सैल होतात का? लवकर थकतोस का? सर्दी-खोकला रेंगाळतो का? झोपेत घाम येतो का? मानेला, काखेत कुठे गाठ लागते का? जेवण कमी झालंय का?

हे सगळ्यांनाच विचारतात. छापील फॉर्म आहे.

बाकावर एवढ्यात आणखी कोणाला सांगू नकोस.

बारकी


२२ मार्च

चि. बारकी,

आशीर्वाद.

तुझा छापील फॉर्म मिळाला. तो हाताने लिहिलेला होता, पण असो.

उत्तरं क्रमाने. वजन: उतरलेलं नाही, मामी उतरू देत नाही. कपडे: घट्ट. थकवा: फक्त मामीने पिशव्या उचलायला सांगितल्या की. सर्दी: नाही. घाम: नाही. मान: ताठ, गाठ नाही. काख: तपासली. आरशासमोर तपासत असताना मामी आली आणि मला खुलासा करावा लागला, तो करताना माझी जी शोभा झाली ती तुझ्या तालिकेत लिहू नकोस. जेवण: व्यवस्थित.

रक्त देणार नाही. एकदा दिलं ते तुझ्याकडे बघून. परक्या माणसाने दंडाला रबर बांधलं की मला कसंतरीच होतं. आणि मला एक कळत नाही. गेल्या पत्रात तू "अरे मामा!" म्हणून ओरडत होतीस, ह्या पत्रात एकही उद्गारचिन्ह नाही. चाळीस वर्षं मी कागद वाचण्यात घालवली आहेत, बारकी. काय म्हणाल्या बाई?

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे घाबरलेत. दिवसातून चार वेळा मान चाचपतात आणि मी बघितलं की कॉलर नीट केल्यासारखं करतात. तू जे काय असेल ते मला सांग. रक्त द्यायला मी नेईन, बांधून न्यावं लागलं तरी.


२७ मार्च

मामा (आणि मामी, कारण ती खांद्यावरून वाचतेय),

किती रे आढेवेढे घेशील! सुईच ती, आणि बघायला मामी आहे. एवढा चाळीस वर्षांचा नियमवाला माणूस, आणि दुसरा साक्षीदार द्यायची वेळ आली की अंग काढून घेतो. तुझी नोंद पेन्सिलीतच राहिली तर मला सांगू नकोस.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते रुग्णालयातल्या रक्ताच्या डॉक्टरांना दे. त्यात आमच्या कामाच्या तांत्रिक गोष्टी आहेत, तुला रस वाटणार नाहीत. उघडू नकोस.

आणि उगाच काहीबाही मनात आणू नकोस. घाबरण्यासारखं काही असतं तर मी असं पत्र लिहीत बसले असते का? उठून आले असते. मी आलेय का? नाही. मग झालं तर.

ह्या आठवड्यात जा. पुढच्या नाही, ह्याच. माझं ऐक रे, एवढं एकदा ऐक. आई गेल्यावर मला ओरडायला तूच एक उरलायस, आणि तू नीट राहावंस असं मला वाटतं. आता ह्यावरून काही शोधून काढू नकोस, हे मी एरवीही लिहिलं असतं.

बारकी


१२ एप्रिल

चि. बारकी,

ह्या वेळी आशीर्वाद कान पिळून!

गेलो, सुई टोचून घेतली, मामीचा हात धरला होता (तिने धरला होता, असं ती सांगते). पाकीट न उघडता दिलं. डॉक्टर तरुण आहेत, पण अक्षर चांगलं. दहा दिवसांनी बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं रक्त अगदी स्वच्छ आहे. काहीही नाही." मी म्हटलं, काहीही नाही म्हणजे? माझं वैशिष्ट्य? मग त्यांनी तुझं पाकीट पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं.

म्हणजे एकूण असं की तुझे ते एकसारखे ठिपके ही नवीन जात नव्हतीच. तुमच्या खालच्या मजल्यावर त्यांना केव्हाचं नाव आहे, आणि ते लोक असे ठिपके रोज बघतात. रक्ताचा आजार. हळू चालणारा, पुष्कळांना वर्षानुवर्षं औषधही लागत नाही, नुसतं लक्ष ठेवायचं, पण वेळेवर कळलेला बरा, असं डॉक्टर म्हणाले. आणि माझी भाची महिनाभर मला छापील फॉर्म पाठवत होती! तुझ्यासारखी खोटारडी मी पाहिली नाही, आणि तुझ्याइतकी वाईट खोटारडीही नाही. राग आला होता. मग घरी येताना मामी बसमध्ये रडली, सुटल्यासारखी, तेव्हा राग गेला. एकटीने तू हा महिना कसा काढलास, कोण जाणे.

तर आता माझ्या नोंदीवर रबर फिरव. मी दुर्मीळ नाही, ठणठणीत आहे. बाकावर मला सांगावं लागलं की वैशिष्ट्य रद्द झालं. पोस्टमास्तरांनी फार सहानुभूती दाखवली, ती सहन होत नव्हती.

चूक तुझ्या मशीनची, हे उघड आहे. तुझी म्हणत नाही. मात्र शिस्तीबद्दल एक सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगतो. मी रक्त दिलं त्या दिवशी तू स्टँड भरून फोन घ्यायला बाहेर गेलीस. बघतो तर पाहुण्याचा मान म्हणून की काय, माझ्या नळ्या तू पुढच्या रांगेत बसवल्या होत्यास आणि तुझ्या मागच्या. बारा पुढे, अकरा मागे! माझ्या डोळ्यांना ते बघवेना. मी हलक्या हाताने दोन्ही रांगा नीट क्रमाने लावून ठेवल्या, एक थेंब सांडला नाही. तुला सांगणार होतो, पण तेवढ्यात तुझ्या बाई आल्या आणि चहा आला. तुला कळलंसुद्धा नाही! वहीत तू क्रमानेच लिहिलेलं असणार म्हणा. पण पुढच्या वेळी लक्ष ठेव. हाताला वळण लागलं पाहिजे.

क्षमापत्राची वाट बघतोय. किमान दोन पानी.

मामा


२० एप्रिल

मामा,

तुझा रिपोर्ट वाचून फार बरं वाटलं. खरंच. दोनदा वाचला.

खोटं बोलले त्याबद्दल माफ कर. दोन पानं होणार नाहीत, काम फार आहे. तुझंच बरोबर, मशीनचाच दोष असणार. कधीकधी होतं तसं. पुसून टाकलं की झालं. तक्त्यातून बारा नंबर काढून टाकतेय. अकरा नंबरची ह्या वेळची पानंही काढतेय, सहज, आवराआवर चालली आहे म्हणून.

रांगा लावल्यास ते ठीकच केलंस. नुसतं नोंदीसाठी विचारते, नक्की आठवतं ना? माझ्याच नळ्या पुढे आणल्यास ना? सहाही? घाई नाही.

मामीला म्हणावं स्वेटर इतक्यात विणू नकोस.

बारकी


२६ एप्रिल

बारकी,

ह्या पत्राला वर काही लिहीत नाही. तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते वाचलं, घडी घातली, आणि फाइलमध्ये लावायला गेलो. तुझी पत्रं माझ्याकडे तारखेने लावलेली असतात. लावता लावता वरची चार-पाच चाळली आणि खाली बसलो. मामीला वाटलं मला चक्कर आली.

नक्की आठवतं. सहाही. तुझ्या पुढे आणल्या, माझ्या मागे नेल्या. तुझ्या वहीत मात्र पुढची रांग माझीच राहिली. माझ्या रांगेत तू ठिपके बघितलेस ना? ती माझी रांग नव्हती. आणि ते आज्ञाधारक रक्त, ज्याने त्याने आपापली जागा धरलेली, ते माझं होतं. हे मामीला सांगितलं. एरवी ती आठवडाभर हसली असती.

निर्दोष नोंद कोणी काढून टाकत नाही, बारकी. चाळीस वर्षांत मी पेटीतून कार्ड काढलं ते दोनच कारणांनी. पुस्तक हरवलं म्हणून, नाहीतर वाळवी लागली म्हणून. "आवराआवर चालली आहे म्हणून" एकही नाही. तुला तर नक्कीच सगळं कळलंय. माझं पत्र वाचता वाचताच कळलं असेल, बाई आल्या आणि चहा आला ह्या ओळीपाशी. आणि ते वाचून तू मला लिहितेस काय, तर मशीनचा दोष!

तुझा फॉर्म मी तुझ्याच पत्रांवरून भरला आहे. कपडे सैल: चार फेब्रुवारी, मामीचा स्वेटर पोत्यासारखा. वजन: तेच पत्र, जिन्यांच्या नावावर खपवलेलं. सर्दी: चार फेब्रुवारीला एक महिन्याची, पंधरा मार्चला अजून आहेच. जेवणात लक्ष नाही, हल्ली नसतंच: वीस फेब्रुवारी, तुझ्याच अक्षरात. घाम आणि गाठ ह्या दोन जागा रिकाम्या आहेत, त्या तू भरायच्या. हे सगळं फेब्रुवारीपासून माझ्या फाइलमध्ये होतं. क्रमाने लावलेलं होतं. मी वाचलं नाही. मी माझी मान चाचपत बसलो होतो.

आणि तुझ्या त्या तक्त्याचं काय करायचं ते बाईंना ठरवू दे. अकरा वर्षं लोक तुझं पान उघडून निरोगी कोण ते ठरवतायत, आणि तू स्वतः एकदा दवाखान्याची पायरी चढली नाहीस.

रांगा मी हलवल्या, ती चूक माझी. हात लावायला नको होता, कोणाच्याच कपाटाला न विचारता लावू नये, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. तुझी आई असती तर तिने मला घराबाहेर उभं केलं असतं. काल रात्रभर हेच डोक्यात होतं. पण सकाळी मामी म्हणाली ते लिहितो, कारण ते खरं आहे. ठिपके तुझ्याच रांगेत दिसले असते तर तू काय केलं असतंस? मशीनचा दोष, म्हणून पुसून पुढचं पान उलटलं असतंस. माझ्या नावावर दिसले म्हणून महिनाभर माझी पाठ सोडली नाहीस, फॉर्म काढलेस, पाकिटं लिहिलीस, डॉक्टर गाठलेस, मला सुई टोचवलीस. स्वतःसाठी ह्यातली एक गोष्ट केली नसतीस. अजूनही केलेली नाहीस, ठिपके दिसून दोन महिने होऊन गेले.

एक कार्ड केलं आहे, सोबत आणतोय. "बारकी. प्रत एकच." पुढे काही लिहिता आलं नाही.

दुसरा साक्षीदार लागतो ना तुमच्याकडे? तुमच्या खालच्या मजल्यावर मी तुझ्याबरोबर येणार आहे. तुझ्या दंडाला रबर बांधतील तेव्हा मी बघणार नाही, मला कसंतरी होतं, पण शेजारी उभा राहीन. मामी हात धरेल. तिला अनुभव आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तुला खोटं बोलता येत नाही, आणि तू उचलला नसतास. सत्तावीस मार्चचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस: "घाबरण्यासारखं काही असतं तर मी असं पत्र लिहीत बसले असते का? उठून आले असते."

म्हणून हे पत्र मी टपालात टाकत नाही. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत प्रयोगशाळेच्या दारात उभा राहीन. जरा भरभर वाच. लिफ्ट अजून बंदच असेल, आणि मामी बॅग घेऊन दुसऱ्या जिन्यावर टेकली असेल.

मामा